बॅटरी पंपाच्या लिथियम पॅकचा दाब कसा सांभाळावा?

(नभोवाणीच्या शेतकरी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आपल्या अंबाजोगाई तालुक्यात, घाटनांदूर-बर्दापूरकडे जा नाही तर लोखंडी सावरगावकडे जा, पावसाळ्यात सोयाबीनच्या रानात पाठीवर बॅटरी पंप घेतलेला माणूस हमखास दिसतो. हातानं दांडा मारायचा पंप मागं पडला. बॅटरी पंप आला, आणि आता त्या पंपातली जुनी शिशाची बॅटरी काढून तिच्या जागी लिथियमचा पॅक बसवायची पद्धत पडली आहे. ते बरंच आहे. शिशाची १२ व्होल्टची ८ ॲम्पिअर-तासाची बॅटरी सव्वादोन-अडीच किलो भरते. तेवढ्याच ताकदीचा लिथियम पॅक त्याच्या निम्म्याहून हलका असतो. दिवसभर पाठीवर ओझं वागवणाऱ्यालाच या फरकाचं मोल कळतं.

पण बॅटरी बदलली की काम संपलं, असं होत नाही. लिथियमचा स्वभाव शिशापेक्षा वेगळा आहे. तो समजून न घेतल्यामुळं दोन प्रकारचं नुकसान होतं. एक, फवारा सुरुवातीला जोरदार आणि नंतर मंद पडतो, औषध सारखं बसत नाही आणि अळी राहून जाते. दोन, चुकीच्या चार्जरमुळं पॅक फुगतो, प्रसंगी पेट घेतो. पहिल्यात पीक जातं, दुसऱ्यात घर जातं. म्हणून आज या पॅकचा विद्युतदाब, म्हणजे आपण ज्याला व्होल्टेज म्हणतो तो, कसा ताब्यात ठेवायचा हे सांगणार आहे.

दाब का घसरतो?

माळवदावरच्या पाण्याच्या टाकीचं उदाहरण घ्या. टाकी भरलेली असली की खालच्या तोटीला पाणी जोरात येतं. पाणी उतरत गेलं की जोर कमी होतो. बॅटरीचं तसंच आहे. लिथियम-आयनचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो आणि रिकामा होताना ३ व्होल्टपर्यंत उतरतो. फवारणी पंपाच्या पॅकमध्ये बहुधा असे तीन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. म्हणजे भरलेल्या पॅकचा दाब १२.६ व्होल्ट आणि रिकाम्याचा ९ व्होल्ट. पॅकवर ११.१ किंवा १२ व्होल्ट असं छापलेलं असलं, तरी तो आकडा मधला आहे. दिवसभर तोच दाब मिळेल, असा त्याचा अर्थ नाही.

पंपाची मोटार १२ व्होल्टची असते. तिला दाब कमी मिळाला की ती हळू फिरते. मोटार हळू फिरली की पाणी कमी ओढलं जातं, नोझलवरचा दाब उतरतो आणि बारीक तुषारांच्या जागी मोठे थेंब पडू लागतात. मोठा थेंब पानावर टिकत नाही, घरंगळून मातीत जातो. उंटअळी नाही तर तंबाखूची पानं खाणारी अळी पानाच्या खालच्या बाजूला बसलेली असते. तिच्यापर्यंत औषध पोचतच नाही.

आता हिशेब बघा. समजा सकाळी पॅक भरलेला असताना नोझलमधून मिनिटाला १ लिटर पाणी पडतं आणि दुपारी ८०० मिलिलिटर पडतं. १६ लिटरची टाकी सकाळी १६ मिनिटांत संपेल आणि दुपारी २० मिनिटांत. चालणाऱ्या माणसाची चाल तीच. म्हणजे सकाळच्या टाकीत १६ ओळी झाल्या असतील, तर दुपारच्या टाकीत २० ओळी होतील. आपल्याला वाटतं, वा, औषध पुरलं! खरं म्हणजे दर झाडाला पाचवा हिस्सा औषध कमी मिळालं. अर्धवट मात्रेतून वाचलेली अळी पुढं आणखी चिवट होते. मग आठ दिवसांनी पुन्हा फवारणी, पुन्हा औषधाचा खर्च, पुन्हा मजुरी. दोष औषधाला दिला जातो, दुकानदाराशी भांडण होतं, आणि खरं कारण मात्र पाठीवरच्या डब्यात असतं.

मीटर नसला तरी परीक्षा करता येते

प्रत्येकानं आपल्या पंपाची ही परीक्षा जरूर करावी. टाकीत साधं पाणी भरा. पॅक पूर्ण भरलेला असताना लान्सचं तोंड बादलीत धरून घड्याळ लावून एक मिनिट पाणी सोडा आणि ते मापानं मोजा. दोन तास काम झाल्यावर तीच मोजणी पुन्हा करा. दोन्ही मापं जवळपास सारखी आली, तर तुमचा पंप ठीक आहे. फरक दहाव्या हिश्श्याहून जास्त असला, तर पुढचे उपाय तुमच्यासाठी आहेत.

मीटर असेल तर पॅकचा दाब पंप चालू ठेवून मोजा. बंद पंपावर मोजलेला दाब फसवा असतो. दावणीला उभा बैल दमदारच दिसतो. त्याचा दम औताला जुंपल्यावर कळतो.

आता काही जण म्हणतील, आमच्या पंपाला वेग कमी-जास्त करायचं बटण आहेच की. बटण आहे, पण ते मोटारीला मिळणाऱ्या विजेचा फक्त वाटा ठरवतं. मूळ दाबच घसरला तर वाटाही घसरतो. त्या बटणाला दाब धरून ठेवता येत नाही.

दाब धरणारी साधनं

ठिबकवाल्या मंडळींना ही गोष्ट लवकर कळेल. चढउताराच्या रानात साधे ड्रिपर लावले तर वरच्या झाडाला कमी आणि खालच्या झाडाला जास्त पाणी पडतं. दाब-नियंत्रित ड्रिपर लावले की नळीत दाब कमी-जास्त झाला तरी थेंब सारखे पडतात. विजेच्या बाबतीत हेच काम करणारं साधन म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर किंवा कन्व्हर्टर. त्याचे प्रकार समजून घेऊ.

पहिला प्रकार जादा दाब उष्णतेत घालवणारा. याला लिनिअर रेग्युलेटर म्हणतात. ७८०५ किंवा एलएम ३१७ या नावाची तीन पायांची चिप रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे मिळते. ती स्वस्त आहे, पण खर्चीक आहे. समजा १२ व्होल्टच्या पॅकवरून ५ व्होल्टनं १ ॲम्पिअर घेऊन मोबाईल भरायचा आहे. पॅकमधून १२ वॉट जातात, मोबाईलला ५ वॉट मिळतात आणि ७ वॉट नुसते गरम होण्यात जातात. बारीक-सारीक कामाला ही चिप चालेल, पंपाच्या मोटारीला मुळीच नको.

दुसरा प्रकार दाब उतरवणारा. दुकानात याला बक कन्व्हर्टर म्हणतात. हा वीज झपाट्यानं चालू-बंद करून दाब उतरवतो, त्यामुळं वाया फार जात नाही. चांगल्या साधनात शंभरातले नव्वद वॉट कामी येतात. मात्र आत येणारा दाब बाहेर हव्या असलेल्या दाबापेक्षा थोडा जास्तच असावा लागतो. चार सेलच्या लिथियम-आयन पॅकवरून, ज्याचा दाब १६.८ पासून १२ व्होल्टपर्यंत उतरतो, १२ व्होल्ट घ्यायचे असतील, तर हा प्रकार जवळजवळ शेवटपर्यंत साथ देतो.

तिसरा प्रकार दाब चढवणारा, म्हणजे बूस्ट. आत येणारा दाब हव्या त्या दाबापेक्षा कमी असेल तिथं हा वापरतात.

चौथा प्रकार दोन्ही करणारा, म्हणजे बक-बूस्ट. आपला तीन सेलचा पॅक १२.६ पासून ९ व्होल्टपर्यंत येतो. म्हणजे आरंभी १२ च्या वर आणि मग सारा वेळ १२ च्या खाली. अशा पॅकला नुसता उतरवणारा किंवा नुसता चढवणारा पुरत नाही. दोन्ही करणाराच लागतो. दुकानात मागताना हे नाव स्पष्ट सांगा.

कन्व्हर्टर वीज तयार करत नाही

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कन्व्हर्टर दाब वाढवतो, पण त्याचे पैसे पॅककडूनच वसूल करतो. समजा मोटार १२ व्होल्टवर ३ ॲम्पिअर घेते, म्हणजे ३६ वॉट. कन्व्हर्टरची वजावट धरून पॅकला ४० वॉट द्यावे लागतात. पॅकचा दाब १२ असताना हे ४० वॉट साधारण साडेतीन ॲम्पिअरनं निघतात, दाब १० झाला की ४ ॲम्पिअर आणि ९ झाला की साडेचारच्या आसपास. म्हणजे पॅक जसा थकतो, तसा त्याच्यावरचा भार वाढतो.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, तारा जाड घ्या आणि सांधे झाळून पक्के करा. नुसत्या पीळ दिलेल्या तारा तापतात. दोन, कन्व्हर्टर मोटारीच्या दुप्पट-तिप्पट ताकदीचा घ्या, कारण सुरू होताना मोटार क्षणभर कितीतरी जास्त वीज ओढते. ३ ॲम्पिअरच्या मोटारीला १० ॲम्पिअरचा कन्व्हर्टर बरा. तीन, पूर्वी पंप मंद पडला की बॅटरी संपत आली हे कळायचं. आता फवारा शेवटपर्यंत सारखा राहील आणि मग पंप एकदम बंद पडेल. म्हणून दाब दाखवणारा लहान मीटर पंपावर बसवून घ्या. तीन सेलच्या पॅकवर १० व्होल्ट दिसले की टाकी पुरी करा आणि पॅक चार्जिंगला लावा.

जोडणीचा क्रम

आधी पॅक. पॅकच्या धन तारेवर, पॅकच्या अगदी जवळ, ७.५ ॲम्पिअरचा फ्यूज. त्यानंतर बटण. बटणानंतर कन्व्हर्टर आणि शेवटी मोटार. कन्व्हर्टर बटणाच्या आधी जोडू नका. तसा जोडला तर तो पंप बंद असतानाही थोडी थोडी वीज खातो आणि हंगाम संपल्यावर दोन-तीन महिन्यांत पॅक पार निकामी करतो.

मोटार जोडण्यापूर्वी कन्व्हर्टरच्या बाहेरच्या टोकांना मीटर लावा आणि त्याच्यावरचा बारीक स्क्रू फिरवून दाब १२ व्होल्टवर आणा. मगच मोटार जोडा, पंप चालवा आणि पुन्हा मोजा. धन-ऋण उलट झालं तर साधन एका क्षणात जळतं, तेव्हा तारांचे रंग आधी बघा. कन्व्हर्टर बंद डब्यात, टाकीच्या गळतीपासून दूर बसवा. औषधाचं पाणी आत गेलं की तांबं खाल्लं जातं.

इथं एक कळकळीची सूचना. स्क्रू हाताशी आहे म्हणून दाब १४-१५ व्होल्ट करून फवारा धुक्यासारखा बारीक करण्याचा मोह धरू नका. मोटार तर लवकर जाईलच, पण अतिबारीक तुषार पिकावर न बसता हवेत तरंगतात आणि श्वासावाटे अंगात जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये. तोंडावर मास्क, हातात मोजे, अंगभर कपडे आणि वाऱ्याच्या दिशेनं पाठ, हे नियम पंप कोणताही असो, पाळायचेच.

सोपा मार्गही आहे

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कोण करणार? त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे. लिथियमचा दुसरा एक प्रकार मिळतो, लिथियम आयर्न फॉस्फेट. त्याचा एक सेल भरल्यावर ३.६५ व्होल्ट आणि रिकामा झाल्यावर २.५ व्होल्ट दाखवतो. पण खुबी अशी, की मधला बहुतेक सारा वेळ तो ३.२ ते ३.३ व्होल्टवर ठाम राहतो. असे चार सेल जोडले की काम चालू असताना १३ व्होल्टच्या आसपास दाब मिळतो आणि तो अगदी शेवटी घसरतो. शिशाच्या बॅटरीच्या जागी हा पॅक कन्व्हर्टरशिवाय बसतो. तो थोडा मोठा आणि महाग असतो, पण जास्त वर्षं टिकतो आणि आगीच्या बाबतीतही जास्त सोशिक असतो. नवीन पॅक घेणार असाल, तर आधी याची चौकशी करा.

रानडुकरांसाठी झटका मशीन लावता, तिथंही हाच पॅक बरा. बॅटरी उतरली की झटका कमजोर होतो आणि एका रात्रीत भुईमुगाचं रान उकरलं जातं. मात्र मशीन शिशाच्या बॅटरीसाठी बनवलेलं आणि त्यातच चार्जर असेल, तर तो लिथियमला चालतो की नाही, हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या. आणि कुंपणात घरची वीज थेट कधीही सोडू नका. तो गुन्हा आहे आणि माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

चार्जरची चूक सगळ्यात महाग

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. बाहेर जाणारा दाब चुकला तर फवारणी बिघडते. आत येणारा दाब चुकला तर आग लागते.

पंपाबरोबर आलेला जुना चार्जर शिशाच्या बॅटरीचा असतो. तो साधारण १४.४ व्होल्टपर्यंत दाब देतो. पॅक बदलला तरी चार्जरची पिन तीच बसते, म्हणून लोक तोच लावतात. तीन सेलच्या पॅकला १४.४ व्होल्ट दिले, तर एका सेलच्या वाट्याला ४.८ व्होल्ट येतात. सेलची मर्यादा आहे ४.२. त्याच्यावर गेलं की सेल आतून तापतो, फुगतो आणि फुटून पेट घेऊ शकतो.

म्हणून चार्जरवरचा आकडा वाचा. तीन सेलच्या लिथियम-आयनला १२.६ व्होल्टचा चार्जर. चार सेलच्या आयर्न फॉस्फेटला १४.६ व्होल्टचा. या दोघांची अदलाबदल कधीही करू नका. घरात दोन्ही असतील, तर पॅकवर आणि त्याच्या चार्जरवर एकाच रंगाची पट्टी चिकटवा. लहान पोरालाही चूक कळेल.

१२ व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं सोलर पॅनेल भर उन्हात मोकळं मोजलं तर २१-२२ व्होल्ट दाखवतं. ते पॅकला थेट जोडू नका. मध्ये लिथियमसाठीचा चार्ज कंट्रोलर हवाच.

काही जण म्हणतात, पॅकमध्ये बीएमएस आहे, तो सगळं सांभाळतो. बीएमएस ही पॅकमधली संरक्षक पट्टी. दाब मर्यादेच्या वर गेला किंवा खाली आला की ती वीज तोडते. ती राखणदार आहे, कारभारी नाही. फवाऱ्याचा दाब सारखा ठेवणं तिचं काम नाही, आणि चुकीचा चार्जर रोज लावून तिची परीक्षा घेणंही बरं नाही. ज्या दिवशी राखणदार झोपेल, त्या दिवशी घात होईल. बीएमएसनं तोडल्यामुळं पंप सुरू होत नसेल, तर पॅक उघडू नका. योग्य चार्जर लावा, पुष्कळदा तेवढ्यानं तो जागा होतो.

जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून केलेले स्वस्त पॅक बाजारात येतात. ते घेऊ नका. तिफणीला एक बैल ताजा आणि एक थकलेला जुंपला तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. कमजोर सेल आधी रिकामा होतो, आधी भरतो आणि आधी बिघडतो.

पॅकची निगा

फवारणीहून आल्यावर तापलेला पॅक लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास सावलीत थंड होऊ द्या. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४५ अंशांवर उष्णता जाते, तिथं चार्जिंग नको. चार्जिंग दिवसा, जागं असताना, फरशीवर करा. कडबा, कापूस, औषधांचे डबे आणि झोपायची जागा यांच्यापासून ते लांब असावं. हंगाम संपला की पॅक निम्मा भरून कोरड्या, थंड जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा तपासा.

फुगलेला, गळणारा किंवा उग्र वास येणारा पॅक पुन्हा वापरू नका, टोचू नका. तो घराबाहेर मोकळ्या जागी नेऊन ठेवा. चार्जिंगवर असताना पेट घेतलाच तर आधी मेनस्विच बंद करा, मग लांबून भरपूर पाणी मारा. तो धूर विषारी असतो, त्यात उभं राहू नका. मेलेला पॅक उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकलेली आहे. घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा, जुना पॅक कुठं द्यायचा.

थोडक्यात सांगायचं तर :

१. पॅक भरलेला असताना आणि दोन तासांनी, एक-एक मिनिटाचं पाणी मोजा.
२. तीन सेलच्या पॅकला दाब उतरवणारा आणि चढवणारा, म्हणजे बक-बूस्ट कन्व्हर्टर लावा, किंवा आयर्न फॉस्फेटचा चार सेलचा पॅक घ्या.
३. दाब १२ व्होल्टवर बांधा, त्यापुढं चढवू नका.
४. फ्यूज पॅकजवळ, कन्व्हर्टर बटणानंतर.
५. शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला कधीही लावू नका.
६. १० व्होल्ट दिसले की काम थांबवा.

औषध कोणतं आणि किती, याची माहिती डब्याच्या लेबलावर असते. शंका असेल तर अंबाजोगाईच्या कृषि विज्ञान केंद्रात विचारा. पण सांगितलेली मात्रा झाडापर्यंत पोचवायचं काम तुमच्या पंपाचं आहे. पहिल्या ओळीला जेवढं औषध, तेवढंच शेवटच्या ओळीला मिळालं पाहिजे. या आठवड्यात बादली आणि घड्याळ घेऊन आपला पंप एकदा तपासाच.